चिरंजीवांची डॅटसन

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा आणि सौ. आईंना साष्टांग नमस्कार,

इकडे सगळे मजेत. फक्त गॅरेजात पाय ठेवायला जागा नाही, कारण तुमच्या चिरंजीवांनी १९७२ सालची डॅटसन २४० झेड घेतली आहे. घेतली म्हणजे एका आजोबांच्या शेडमधून ट्रेलरवर घालून आणली; स्वतःच्या पायांनी आलेली नाही. बाबा विचारतीलच म्हणून आधीच सांगते: सीटा दोन, पोरं मावत नाहीत. १९७० साली अमेरिकेत ही ३५२६ डॉलरला मिळायची. त्याहून जास्त आमचे नुसते पत्र्यात गेले.

पत्र्याचं तर विचारूच नका. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते खालून गाडी खातं. बॅटरीखालचा पत्रा, पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी. यांनी स्क्रूड्रायव्हरनं सहज टोचून पाहिलं तर तो मुठीपर्यंत आत! मला रडू फुटलं, आणि हे खूश: "बघ, वरून रंग मारून लपवलं होतं." आता कुजलेलं कापायचं, नवीन वेल्ड करायचं, असं चाललंय.

आई, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. जपानात हिला फेअरलेडी म्हणतात. निस्सानच्या साहेबांनी 'माय फेअर लेडी' पाहिलं आणि आपल्या स्पोर्ट्स गाड्यांना ते नाव दिलं. म्हणजे आपल्या पुलंच्या 'ती फुलराणी'ची ही मावसबहीणच. दोघींचं आजोळ शॉचं 'पिग्मॅलियन'. पण इथले निस्सानचे प्रमुख युताका कातायामा यांना ते नाव रुचेना. त्यांनी फेअरलेडीच्या पाट्या काढून २४० झेड लावायला लावलं. हे कातायामा १०५ वर्षं जगले. गाड्यांचा नाद असला की आयुष्य वाढतं, असं तुमचे चिरंजीव त्यावरून सांगतात. घरच्यांच्या आयुष्याचं काही बोलत नाहीत.

एंजिन सहा सिलिंडरचं, २४०० सीसीचं, आणि त्याला हिताचीचे दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी, नाहीतर पुढचे तीन सिलिंडर एक बोलतात आणि मागचे तीन दुसरंच. हे रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून बसतात. स्स्स... स्क्रू जरासा फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. एका रविवारी दुपार झाली तरी जमेना, तेव्हा कणकेचा हात धुऊन मीच नळी घेतली. अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात तानपुरा लावायला शिकलेला कान! "मागचा चढा आहे, उतरवा," म्हटलं. थोड्या वेळात दोन्ही जुळले, एंजिनाची थरथर गेली. तेव्हापासून गॅरेजात माझं एक स्टूल कायमचं मांडलंय. भाजी करपली तरी बोलावणं येतं.

बाबा, तुमच्यासाठी निरोप आहे. इथल्या पेट्रोलात १० टक्के इथेनॉल असतं, तुमच्याकडे आता २०. जुन्या रबराला ते सोसत नाही, आणि गाडी उभी राहिली की टाकीत पाणी धरतं. यांनी इथल्या सगळ्या नळ्या बदलल्या. अंगणातल्या किनेटिक होंडाचीही पेट्रोलची नळी बघून घ्या म्हणतात. पीथमपूरला जन्मली असली तरी तीही अर्धी जपानीच.

डिसेंबरात आम्ही हातोदला येतोय. पोह्यांवर घालायच्या जिरावनची दोन पाकिटं आणून ठेवा. शिवाय बाबांच्या डब्यातला दहा-अकराचा पाना यांना हवाय. इथे दहा नंबरचे पाने ढिगानं मिळतात, पण गाडीखाली गेले की गडप. बाबांचा कधी हरवला नाही, कारण तो हरवल्यावर बाबा जे बोलतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मुलांचे शि. सा. न.

तुमची,
सूनबाई

ता. क. किनेटिक भंगारवाल्याला देऊ नका, असं हे मागून ओरडून सांगताहेत. माझं ऐका, आम्ही यायच्या आत देऊन टाका. नाहीतर सुट्टीचे सगळे दिवस हे अंगणात तिच्याखाली आडवे असतील, आणि मला तिथेही स्टूल मांडलं जाईल.