तिखट जरा कमी आहे

मोरोक्कोला निघालेल्या मराठी ग्रुप टूरमध्ये एक तरी नाशिककर आप्पा असतात. साठी उलटलेली, नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये झालेली, पायात कोरे करकरीत स्पोर्ट्स शूज, अंगात सतरा खिशांचं जाकीट आणि बॅगेत चिवड्याच्या पुड्या. ते परदेश बघायला जात नाहीत. तो नाशिकपेक्षा कितपत वेगळा आहे, याची तपासणी करायला जातात. आणि फारसा नाही, हा निष्कर्ष ओझर सोडण्याआधीच निघालेला असतो.

कॅसाब्लांकाला उतरल्यावर दिरहमची पहिली नोट हाती आली की आप्पा ती उजेडाला धरतात. वॉटरमार्क बघतात, अंगठ्याने कड चाचपतात, "छपाई बरी आहे" असा शेरा मारतात आणि मगच पाण्याची बाटली घेतात. तोवर मागे रांग लागलेली असते.

रात्री हरीरा येतो. टोमॅटो, मसूर, छोले, कोथिंबीर, वर पिळायला लिंबू. रमजानात याच सुपाने रोजा सोडतात, असं गाइड सांगत असतो. आप्पा चमच्याने तळ ढवळून बघतात. "रस्साच आहे. मटकी नाही, पण चालेल." जाकिटाच्या एका खिशातून शेव निघते, वाडग्यात पडते आणि पहिल्या घोटाबरोबर सगळ्या बसला पाठ झालेला निकाल लागतो : "तिखट जरा कमी आहे."

झालूक म्हणून भाजलेल्या वांग्याचं, टोमॅटो-लसूण-जिरं घातलेलं काहीतरी येतं. "भरीत. जळगावच्या माणसाला द्या, वरून कच्चं तेल मागेल." ताजीनमधलं मिठात मुरलेलं लिंबू बघून, "लोणचं घालताना गूळ विसरले वाटतं." टूरमधली तरुण मंडळी डोळ्यांनीच एकमेकांना खुणावतात. ताटलीचे वरून, बाजूने, तिरके असे फोटो होईपर्यंत त्यांचं जेवण गार झालेलं असतं. आप्पांचं संपलेलं असतं.

आप्पांची खरी परीक्षा पास्तियाला होते. कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची बंद पोळी, आत कोंबडी आणि बदाम (पूर्वापार पद्धत कबुतराची, हे गाइडने हुशारीने नंतर सांगितलं), आणि वर पिठीसाखर नि दालचिनीची नक्षी. कोंबडीवर साखर! आप्पा हात आखडता घेतात. तेव्हा काकू, ज्या एरवी फक्त "अहो, मफलर" एवढंच बोलतात, शांतपणे विचारतात, "मिसळीबरोबर जिलबी चालते ना तुम्हाला?" यावर नाशिकच्या माणसाकडे उत्तर नसतं. आप्पा खातात. दुसरा तुकडाही घेतात.

काकूंचं माहेर सटाण्याकडचं. फेस शहराच्या बाजारात एक बाई तापलेल्या पालथ्या तव्यावर ओल्या कणकेचा गोळा नुसता टेकवून उचलत होती. टेकवला की एक ठिपका चिकटायचा, ठिपक्याला ठिपका जुळून पापुद्रा व्हायचा. काकू तिथून हलेनात. खापरावर मांडे टाकणाऱ्या बाईने दुसरीचा हात बघावा तसा त्यांनी तो बघितला आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे हिचा." मला विचाराल तर सगळ्या सहलीत मोरोक्कन स्वयंपाकावर झालेलं शहाणं बोलणं तेवढंच.

शुक्रवार हा आप्पांचा मोकळा वार. सोमवार, गुरुवार, शनिवार ते पाळतात. सुदैवाने मोरोक्कोत कुसकुसही शुक्रवारचाच, दुपारच्या नमाजानंतरचा. रव्याचे बारीक कण रश्शाच्या वाफेवर दोन-तीनदा उकडायचे, मधे मधे हाताने चोळून मोकळे करायचे, मग परातीत ढीग, वर मटण, भाज्या आणि कांदा-बेदाण्याचा गोडसर परतावा. एकाच परातीत सगळ्यांनी आपापल्या पुढ्यातलं खायचं. तरुण मंडळी चमचे शोधत असताना आप्पा तळहातावर लाडू वळून मोकळे झाले होते. "लासलगावचा कांदा, पिंपळगावचा बेदाणा," ते भरल्या तोंडाने म्हणाले, "जिल्हाच वाढलाय की." तिखटाचा शेरा त्या दिवशी राहून गेला.

कुसकुसला 2020 साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांनी मिळून अर्ज केला होता. यातल्या मोरोक्को आणि अल्जीरियाचं इतकं सख्य की पुढच्याच वर्षी अल्जीरियाने राजनैतिक संबंध तोडले. हे ऐकून आप्पा गंभीर झाले. "भांडून का होईना, एका कागदावर सह्या केल्या. मिसळीसाठी पुणेकर आणि कोल्हापूरकर बसतील का आपल्याबरोबर?" बसमधल्या पुणेकरांनी तेवढ्यात खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मर्राकेशला मात्र वार आडवा आला. तिथली तंजिया म्हणजे मातीच्या उभ्या मडक्यात मटण, मुरवलेलं लिंबू, जिरं, लसूण भरून तोंडाला कागद बांधायचा आणि हमामच्या भट्टीवाल्याकडे द्यायचं. अंघोळीचं पाणी तापवणाऱ्या भट्टीच्या राखेत ते तासन्‌तास शिजतं. हे काम पूर्वीपासून पुरुषांचं, हे कळल्यावर आप्पांना भट्टी बघायचीच होती. आणि तो शनिवार होता. राखेत पुरलेल्या मडक्यांसमोर उकिडवे बसून ते भट्टीवाल्याला मराठीत लाकूड कुठलं विचारत राहिले, तो अरबीत सांगत राहिला. उठताना आप्पांनी गाइडला हळूच विचारलं, "उद्यापर्यंत टिकेल ना हे?"

येताना मातीचं ताजीन आलं, मांडीवर बसून. आधी पाण्यात भिजवायचं, मंद आचेवरच ठेवायचं, असं दुकानदाराने खुणा करकरून सांगितलं होतं. कॉलेज रोडच्या घरी आप्पांनी त्यात कट घातला, मिरची हवी तेवढी, आणि गॅस मोठा केला. बूड दोन मिनिटांत तडकलं. झाकण शाबूत आहे. पाहुणे आले की आप्पा ते शोकेसमधून काढतात आणि याच्या आत काय काय शिजतं ते सांगतात.