चार संचालक, एक माऊस

धाराशिवात डिझाईन स्टुडिओ काढायला फार काही लागत नाही. चार मित्र, बार्शी नाक्याच्या आसपास एखादा गाळा, हप्त्यावर घेतलेला संगणक आणि बँकेत शब्द टाकणारे कोणाचे तरी मामा, एवढ्यावर भागतं. यातलं एखादं कमी पडलं तरी निभावतं. व्हिजिटिंग कार्ड मात्र पहिल्याच दिवशी लागतं. त्यावर पहिला फाउंडर, दुसरा को-फाउंडर, तिसरा क्रिएटिव्ह डायरेक्टर. चौथ्याच्या वडलांचा गाळा असतो, म्हणून तो मॅनेजिंग डायरेक्टर. मग नारळ फुटतो, फीत कापली जाते, आणि कापणारे साहेब पेढ्याचा घास सांभाळत विचारतात, "फ्लेक्स काय फुटानं?" चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. दर सांगायचं काम कोणाच्याच कार्डावर छापलेलं नसतं.

कामाचा दुष्काळ म्हणावा, तर तोही नाही. इथं दुष्काळ पावसाचा पडतो, फ्लेक्सचा नाही. 2018 साली केंद्र सरकारनं ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत आमच्या जिल्ह्याचं नाव घातलं, तेव्हा चार पोरांनी थोडी आकांक्षा धरली तर बिघडलं कुठं? तुळजापूरचं नवरात्र आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वागताच्या कमानी उभ्या राहतात. तेरखेड्याच्या फटाक्यांना खोके लागतात, कुंथलगिरीच्या पेढ्याला डबे लागतात, लग्नसराईला पत्रिका लागतात. शिवजयंती, भीमजयंती, पारायण, कुस्त्या, दुकानाचं उद्घाटन आणि त्याच दुकानाचं स्थलांतर, सगळ्यांना बॅनर लागतो.

वर सरकारनं स्वतःच एक जंगी काम काढून दिलं. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रानं उस्मानाबादचं धाराशिव करायला हिरवा कंदील दाखवला, सप्टेंबरमध्ये जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना निघाली, मे 2024 मध्ये उच्च न्यायालयानं विरोधातल्या याचिका फेटाळल्या. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याच्या पाट्या, शिक्के, लेटरहेड, पावतीपुस्तकं आणि शाळांच्या कमानी बदलायच्या. मुंबईच्या एखाद्या एजन्सीच्या हाती हे काम लागलं असतं, तर तिनं नुसत्या प्रेझेंटेशनवर वर्ष काढलं असतं. इथं पेंटरनं जुन्या नावावर पांढरा हात मारला, वाळेपर्यंत चहा घेतला आणि दिवेलागणीला नवं नाव लिहून मोकळा झाला. तो एकटाच होता, त्यामुळे आधी बैठक घ्यावी लागली नाही.

आमच्या स्टुडिओत मात्र बैठक रोज होते. विषय एकच: टीम कशी बांधायची. मोबाईलवर बंगळुरूच्या कोणाचा तरी व्हिडिओ बघून झालेला असतो. त्यात ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट असतो, आर्ट डायरेक्टर असतो, कॉपीरायटर असतो, अकाउंट मॅनेजर असतो. ही सगळी पदं चौघांत वाटली जातात, उरलेली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या नावाखाली जमा होतात. माऊस एकच असतो आणि तो पाचव्या माणसाच्या हातात असतो.

ही पाचवी म्हणजे महिना आठ-नऊ हजारांवर ठेवलेली मुलगी. सकाळी शटर उघडणं, मॅटर टाइप करणं, फोटोमागची पार्श्वभूमी कापणं, छपाईला फाइल पाठवणं, लाइट गेली की इन्व्हर्टरकडे जीव मुठीत धरून बघणं, सगळं तिच्याकडे. गिऱ्हाईक आत येतं आणि तिलाच विचारतं, "सर कुठायत?" सर टपरीवर असतात, व्यवसायवाढीची चर्चा चालू असते. कार्डावर या मुलीचं नाव नाही. कार्ड तिनंच केलं होतं, पण मॅटर मालकांनी दिलं होतं.

तिचं कसब बघायचं तर वाढदिवसाचा फ्लेक्स करताना बघावं. दहा बाय आठचा बोर्ड. गिऱ्हाईक खुर्ची ओढून तिच्या खांद्यामागं बसतं.

"मधी साहेब घ्या. सायबाच्या डाव्या अंगाला अण्णा. अण्णाच्या खाली मी."

"तुमचा फोटो केवढा घेऊ, दादा?"

"अण्णापेक्षा बारका. पण तात्यापेक्षा मोठा दिसाया पाहिजे. आन् तात्याला कळता कामा नये."

बंगळुरूच्या व्हिडिओत याचं उत्तर नाही. ती मात्र दादांची आणि तात्यांची चौकट अगदी सारखी ठेवते. मग दादांचा फोटो छातीपासून वर कापते आणि तात्यांचा कमरेपासून. फूटपट्टी लावली तर दोघं सारखे, नजरेला दादा मोठे. खालच्या ओळीत तीसएक शुभेच्छुक, प्रत्येकाचं डोकं सुपारीएवढं, पण कोणाचाही कान कापलेला नाही. पक्षाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं न सुटलेला मानपानाचा गुंता या मुलीनं अर्ध्या तासात सोडवलेला असतो. कोण मोठा, कोण खालचा, कोण कोणाशेजारी आणि कोणाचं तोंड कोणाकडे, सगळं सुताला सूत.

आणि चारही मालक दुसऱ्याची उतरंड या पोरीकडून अशी सुतात बसवून घेतात, पण स्वतःच्या चौघांची त्यांना बसवता येत नाही. स्वतःच्या बोर्डावर चौघांनाही मधोमध आणि एकाच आकारात यायचं असतं.

पद कोणाचं, हे कार्ड सांगतं. काम कोणाचं, हे चूक झाल्याशिवाय कळत नाही. समजा, वाढदिवसाचा फ्लेक्स जुन्या फाइलवर केला. वरचा फोटो बदलला, नाव बदललं, फुलांच्या जागी फटाके टाकले. तळाची एक ओळ तशीच राहिली: ‘शोकाकुल, समस्त मित्रमंडळ’. सकाळी सात वाजता चौकात बोर्ड लागला, सव्वासातला फोन आला. फाउंडर म्हणाला, मी क्लायंट आणतो. को-फाउंडर म्हणाला, मी सोशल मीडिया बघतो. क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणाला, कन्सेप्ट माझी होती, मॅटर नव्हतं. मॅनेजिंग डायरेक्टर म्हणाला, गाळा आमचा आहे. झालं, चौघांनी हात वर केले आणि पाचवीच्या पगारातून पैसे कापले.

लहान स्टुडिओत तीन पदं अशी आहेत, की ती कोणी मागून घेत नाही. पहिलं पद वाचणाऱ्याचं. छपाईला जाण्याआधी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचणारा माणूस. तो नसल्यामुळेच जिल्ह्यात जितके वाढदिवस, तितक्यांदा ‘अभीष्टचिंतना’तली ‘भी’ ऱ्हस्व होते. या पदाचा मूळ पुरुष बाहेरून आणायची गरज नाही, तो आपल्या तेरचा, गोरा कुंभार. परंपरेत कथा आहे: संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना विचारलं, यातली भाजलेली मडकी कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी थापटी घेतली आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं. नामदेवांची कीर्ती केवढी, विठ्ठलाशी सलगी केवढी, पण थापटीनं पद बघितलं नाही. स्टुडिओला असा एक गोरोबाकाका हवा. क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या डिझाईनवरही थापटी मारायची त्याला मुभा हवी, आणि मारल्यावर कोणी चिडलं तर निकाल लागलाच म्हणून समजावं.

दुसरं पद ‘नाही’ म्हणणाऱ्याचं. "रातच्याला पाहिजे", "फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरूनच घ्या", "बोर्ड लावायची परवानगी नंतर बघू", या तिन्ही वाक्यांना सरळ तोंडानं नाही म्हणणारा माणूस. परवानगीशिवाय सार्वजनिक जागी जाहिरात लावण्याविरुद्ध राज्यात 1995 पासून कायदा आहे. मे 2024 मध्ये घाटकोपरला अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसं गेली, तेव्हा तो सगळ्यांना एकदम आठवला. चार दिवस आठवला.

तिसरं पद सगळ्यांत अवघड: उधारी मागणाऱ्याचं. साहेबांचा वाढदिवस संपतो, बोर्ड उतरतो, त्याचं कापड शेतातल्या कडब्यावर जाऊन बसतं, तरी बिल ड्रॉवरमध्येच असतं. मागायचं कोणी? चौघंही मित्रांचे मित्र, जावयांचे मावसभाऊ. वास्तविक कायदा यांच्या बाजूनं उभा आहे. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. ही तरतूद साहेबांना वाचून दाखवायला जाणारा संचालक मात्र अजून जन्माला यायचा आहे. मग चौघं मिळून ठरवतात, की पाचवीला पाठवू. मुलीला कोणी नाही म्हणत नाही. पैसेही देत नाही, ते वेगळं.

"आमच्यात लेखी-बिखी काही नाही, दोस्ती आहे," असं चौघंही छाती पुढं काढून सांगतात. यांच्या दोस्तीबद्दल 1932 च्या भागीदारी कायद्याचं मत ऐकण्यासारखं आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नफा सगळ्यांना सारखा आणि तोटाही सारखाच. जो रात्रभर जागून पॅकेजिंग करतो त्याला जेवढं, तेवढंच ज्यानं फक्त स्टुडिओचं इंग्रजी नाव सुचवलं त्याला. कामाबद्दल वेगळा पगार मागायचा हक्क कोणत्याच भागीदाराला नाही. देणं थकलं तर सावकार चौघांतल्या कोणाकडूनही पुरतं वसूल करू शकतो. पुढं भांडून निघताना फायली कोण नेणार, हेही कागदावर नसेल तर पेनड्राइव्ह ज्याच्या खिशात तोच मालक. आणि भागीदारी नोंदलेलीच नसेल, तर करारातली थकलेली रक्कम मागायला फर्मला कोर्टाची पायरी चढता येत नाही. म्हणजे कार्डावर चार पदं, कायद्यासमोर चौघंही एकाच मापाचे. बोर्डावर जे हवं होतं, ते असं आपसूक मिळतं.

"मोठ्यांचंही असंच असतं," असं कोणी म्हणेल. मोठ्यांचं थोडं वेगळं असतं. 1 जून 1929 ला कोल्हापुरात पाच जणांनी एक चित्रपट कंपनी काढली, तिचं नाव प्रभात. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघं बाबूराव पेंटरांच्या हाताखालून आलेले, म्हणजे पडद्यापासून रंगापर्यंत सगळ्यालाच हात लावू शकणारे. तरीही धायबर कॅमेऱ्यामागं, फत्तेलाल कलेकडे, शांताराम दिग्दर्शनाकडे, बोलपट आल्यावर आवाज दामल्यांच्या ताब्यात आणि भांडवल कुलकर्ण्यांचं. पडदा फिका दिसला तर कोणाला हाक मारायची आणि आवाज घोगरा आला तर कोणाला, हे ठरलेलं. पुढं दामले आणि फत्तेलाल यांनी दोघांत मिळून दिग्दर्शन केलं, तो ‘संत तुकाराम’ 1937 मध्ये व्हेनिसला गाजला. म्हणजे कामं वाटली म्हणून माणूस आपल्या चौकटीत अडकून पडला, असंही झालं नाही. कंपनी फुटायची ती फुटलीच, शांताराम 1942 मध्ये बाहेर पडले. पण फुटेपर्यंत पाहण्यासारखं काही करून ठेवलं होतं. आमच्याकडे फुटताना वाटून घ्यायला एक प्रिंटर असतो, आणि त्याचे हप्ते राहिलेले असतात.

उपाय स्वस्त आहे. एक स्टँपपेपर घ्या. त्यावर पदं लिहू नका, प्रश्न लिहा. दर कोण सांगणार? छपाईआधी शेवटचं कोण वाचणार? साहेबांना नाही कोण म्हणणार? उधारीला कोण जाणार? पैसे किती आले की वाटायचे, आणि पाचवीचा त्यात वाटा किती? प्रत्येक प्रश्नापुढं एकच नाव येऊ द्या. दोन नावं आली की समजा एकही नाही. हा कागद करताना कसलीही नक्षी नको, आणि टाइप झाल्यावर तो वाचायला त्या मुलीच्या हाती द्या. चौघांनी मिळून लिहिला असेल, तर ‘भागीदारी’तली दुसरी वेलांटी ती दुरुस्त करेलच.

आणि तुम्ही गिऱ्हाईक म्हणून अशा स्टुडिओत गेलात, तर भिंतीवरची पदं वाचत बसू नका. एकच विचारा: "छापल्यावर चूक निघाली, तर दुसरा फ्लेक्स कोणाच्या खिशातून?" जो "माझ्या" म्हणेल तो संचालक. बाकीचे सगळे शुभेच्छुक.