प्लग उष्ण की थंड?

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी दोरी सतराव्यांदा ओढली आणि 'कट्ट' असा आवाज आला. तो माझ्या खांद्यातून आला होता. मोवर गप्पच होता.

"सतरा," गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलेले अण्णा म्हणाले. अण्णांनी पाटबंधारे खात्यात उभा जन्म मोजमापं घेण्यात घालवला. निवृत्त होऊनही ती सवय सुटलेली नाही. आई-अण्णा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे ओहायोला आले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. तेवढ्यात अण्णांनी जिन्याच्या पायऱ्या, शेजाऱ्याच्या गाड्या आणि माझ्या घराचे उरलेले हप्ते मोजून ठेवले होते.

ओहायोत बर्फ गेला की गवत सुटतं. शनिवारी कापावं तर बुधवारी पुन्हा 'आम्ही आलो' म्हणून उभं. या गावात माणसानं महिनाभर दाढी केली नाही तर कुणी विचारत नाही, पण अंगणाची दाढी ८ इंचांवर गेली की दाराला कागद चिकटतो. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या गृहस्थानं कापडगिरणीतलं लव कातरायचं यंत्र पाहून हे गवत कापायचं यंत्र काढलं. त्याआधी लोक विळे वापरत, मेंढ्या सोडत. मेंढीला दोरी ओढावी लागत नाही, हे कुणी बडिंगला सांगायला हवं होतं.

"अरे, प्लग बदल ना," बायको खिडकीतून म्हणाली. "चार डॉलरची वस्तू."

"बदल काय बदल?" अण्णा उठले. "आधी काढून तर बघ."

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. आमच्या घरी टू-स्ट्रोक स्कूटर होती. टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलबरोबर ऑईलही जळणार आणि जळलेल्या ऑईलचं काजळ प्लगवर चढणार. अण्णांच्या डिकीत एक प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि जुन्या बनियनचं फडकं कायम असे. स्कूटर अडली की कडेला घ्यायची, तिरकी करायची, प्लग काढायचा, घासायचा, फुंकायचा, परत बसवायचा. मिरजेच्या रस्त्यावर मी शाळेच्या गणवेशात कितीदा ते फडकं धरून उभा राहिलोय. पण प्लग 'निवडायचा' असतो हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. फारच झिजला तर दुकानात जाऊन 'स्कूटरचा प्लग द्या' म्हणायचं. कुठला, असं दुकानदारानं विचारलं असतं तर अण्णा म्हणाले असते, "चांगला."

मी प्लगची टोपी ओढून काढली. पाना लावायला गेलो तर माझ्या पेटीतले सगळे पाने मिलिमीटरचे आणि प्लगचा षटकोन १३/१६ इंचाचा. शेवटी २१ मिलिमीटरचा बॉक्स पाना थोडा सैल का होईना, पण बसला. प्लग बाहेर आला. अण्णांनी तो उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वैद्य रोग्याची जीभ बघतो तसा बघितला.

"काळा. कोरडा काळा. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी."

हे त्यांचं अगदी बरोबर होतं. प्लगचं टोक चहात बुडवलेल्या मारी बिस्किटाच्या रंगाचं असलं की इंजिनाची तब्येत उत्तम समजावी. तेलकट ओलं असेल तर ऑईल वर चढतंय. पांढरं फटक आणि फोड आलेलं असेल तर अंगात ताप आहे. आणि कोरडं काळं असेल तर चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर बुजलाय. अण्णांनी सुनेची नखं घासायची कानस मागून घेतली. ती तिनं दिली, पण परत घेतली नाही.

मी मात्र पंचवीस वर्षं या देशात राहून इथला झालोय. इथे वस्तू घासत नाहीत, बदलतात. अण्णा घासत असतानाच मी हार्डवेअरच्या दुकानात पोचलो.

प्लगच्या रॅकसमोर उभा राहिल्यावर मला कळलं की आयुष्यात मी खरी निवड कधी केलीच नव्हती. बायको पहिल्याच पोह्यांत पसंत पडली. घर दोन चकरांत घेतलं. आणि इथे चाळीस डब्या, प्रत्येकीवर दहावीच्या बैठक क्रमांकासारखं काहीतरी लिहिलेलं. एप्रन घातलेल्या पोरानं विचारलं, "इंजिनाचा मॉडेल नंबर?" मी म्हणालो, "लाल रंगाचं आहे." तो सभ्य होता. नुसता निघून गेला.

परत घरी. इंजिनाच्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो, त्यावर पाच वर्षांचं गवत आणि ऑईल यांचं सारवण. जुन्या टूथब्रशनं अर्धा तास घासलं तेव्हा आकडे दिसले. एक ३ होता की ८, यावर माझं आणि अण्णांचं एकमत झालं नाही. पण प्लगच्या अंगावर, काजळीखाली, चक्क प्लगचाच नंबर निघाला: आरजे१९एलएम. ज्याला शोधत होतो तो स्वतःचं नाव अंगावर गोंदवून समोर बसला होता.

आता या नावाची फोड. आर म्हणजे रेझिस्टर. तो नसेल तर प्रत्येक ठिणगीला आसपासचा रेडिओ खरखरतो. जे म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर आणि आट्यांची लांबी ३/८ इंच. एकाच अक्षरात मिलिमीटर आणि इंच सुखानं नांदतात, आमच्या घरासारखे. शेवटचं एलएम म्हणजे लॉन मोवर, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. राहिला १९. हा प्लगच्या उष्णतेचा आकडा. प्लग उष्ण असतो किंवा थंड असतो.

हे मी जेवताना सांगितलं आणि आईचा हात भाकरीवरच थांबला.

"मग थंडच घे. उन्हाळा तोंडावर आलाय."

"आई, तसं नसतं गं."

"तसंच असतं. आंबा उष्ण, कोकम थंड. इंजिन मुळातच तापट, त्यात उष्ण प्लग घातलास तर बाधणार नाही का? आणि घेतलासच, तर पेट्रोलमधून सब्जा दे."

मी समजावलं. प्लगच्या आतला चिनीमातीचा शेंडा लांब असेल तर उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं, तो उष्ण. शेंडा आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते, तो थंड. टोक साधारण ५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते, ८५०च्या वर गेलं तर लालबुंद होऊन ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतं. मोवरसारख्या मंद इंजिनाला म्हणून उष्णच मानवतो.

"म्हणजे प्रकृती बघून," आई म्हणाली. "मग मी वेगळं काय सांगत होते?"

खरा घोळ पुढे आहे. चॅम्पियन कंपनीच्या प्लगांत आकडा वाढला की प्लग उष्ण होतो. जपानच्या एनजीकेत आकडा वाढला की थंड होतो. चॅम्पियनच्या आरजे१९एलएमला एनजीकेचा जोडीदार बीआर२एलएम. म्हणजे तिकडचा १९ आणि इकडचा २ यांची प्रकृती सारखी. हे ऐकून धरणाच्या भिंती मोजलेल्या अण्णांनी पहिल्यांदाच पाणी मागितलं.

कंपन्यांच्या कुंडल्याही मजेशीर आहेत. एनजीकेचा प्लगाचा धंदा १९३६ साली नागोयात उभा राहिला, आणि त्याचं मूळ घराणं नोरिताकेच्या कपबश्यांचं. प्लगातली चिनीमाती म्हणजे चहाच्या कपाची चुलत बहीण. चॅम्पियन तर आमच्याच राज्यात, टोलेडोत वाढली. हे नाव बढाईचं वाटतं, पण ते आडनाव आहे. अल्बर्ट चॅम्पियन नावाचा फ्रेंच सायकलपटू १८९९ साली पॅरिस-रुबे शर्यत जिंकला, अमेरिकेत आला, स्वतःच्या नावानं प्लगांची कंपनी काढली, भागीदारांशी बिनसलं आणि १९०८ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंटला जाऊन दुसरी कंपनी थाटली. नाव भागीदारांकडेच राहिलं. त्याच्या हाती उरली आद्याक्षरं. तेच एसी प्लग. "भागीदारी आपल्याकडेच मोडते असं नाही तर," अण्णा म्हणाले. त्यांना प्लगांबद्दल आपुलकी वाटली ती इथपासून.

इतकं ज्ञान झाल्यावर मी चुकीचा प्लग आणला.

झालं असं की शेजाऱ्यानं आपल्या मोवरला कुठला लावतो ते छातीठोक सांगितलं: बीपीआर६ईएस. दुकानातल्या तक्त्यात त्याच्यापुढे १९ लिहिलेलं दिसलं. आपलाही १९, याचाही १९. निर्धास्त होऊन घेतला. घरी आल्यावर अण्णांनी जुना आणि नवा प्लग तळहातावर शेजारीशेजारी ठेवले. नव्याचे आटे जुन्याच्या दुप्पट लांब. तक्त्यातले १९ हे आट्यांचे मिलिमीटर होते. आमच्या प्लगचे जेमतेम साडेनऊ.

"हा बसव," अण्णा शांतपणे म्हणाले. "आत गेला की पिस्टनला टिचकी मारेल."

तिसऱ्या फेरीत एप्रनवाल्या पोरानं मला लांबूनच ओळखलं आणि न विचारता योग्य डबी हातात ठेवली. चार डॉलर. पेट्रोलचा खर्च वेगळा, असं बायकोनं नोंदवलं.

आता गॅप. प्लगच्या दोन टोकांतली फट ०.०३० इंच हवी, म्हणजे ०.७६ मिलिमीटर. फीलर गेज माझ्याकडे नव्हता. चौथ्यांदा दुकानात जायची माझी हिंमत नव्हती. अण्णा विचारात पडले आणि म्हणाले, "तुझं ते कार्ड दे." क्रेडिट कार्डाची जाडी जगभर ठरलेली आहे, आणि ती आहे ०.७६ मिलिमीटर. हे मी नंतर पडताळून पाहिलं. अण्णांना ते कसं कळलं असेल? त्यांनी आल्याआल्या तेही मोजलं असणार. कार्डाची कड फटीत सरकवली, सुईत दोरा जावा तशी अलगद अडकत गेली.

"बघ," कार्ड परत देत अण्णा म्हणाले, "तुमच्या देशात ठिणगीसुद्धा कार्ड दाखवल्याशिवाय पडत नाही."

प्लग आधी हातानं आट्याला आटा जुळवून फिरवला, टेकल्यावर पान्यानं अर्ध्या फेऱ्याहून थोडा जास्त. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेलेच. एअर फिल्टर काढला तर त्यात गेल्या ऑक्टोबरची पानं निघाली. टाकीतलं पेट्रोलही गेल्या ऑक्टोबरचंच, मीच ठेवलेलं, आता व्हार्निशसारखा वास मारणारं. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे बघितलं, मग आपल्या घासून लख्ख केलेल्या जुन्या प्लगकडे बघितलं, आणि तो कागदात गुंडाळून खिशात घातला.

ताजं पेट्रोल, नवा प्लग. दोरी ओढली. एक. दोन. तिसऱ्याला मोवर असा गरजला की शेजाऱ्याचं कुत्रं आत पळालं. एव्हाना मे निम्मा सरला होता आणि गवत माझ्या पोटरीला लागत होतं. मी ऐटीत कुंपणापासून सुरुवात केली. पहिली पट्टी स्वच्छ निघाली. दुसरी निघाली. तिसरीला वळलो तर समोर आई, पदर खोचून, दोन्ही हात पसरून आडवी. तोंडानं काहीतरी सांगत होती, ऐकू येईना. शेवटी मी इंजिन बंद केलं.

"तिकडे नको!" आई म्हणाली. "तुझं प्लगाचं चाललं होतं तेव्हा मी तिथे मेथी टाकलीय. आज कापायला झाली."

मी वाकून पाहिलं. गवतात मेथी. सोळा फूट बाय चार, हे अण्णांनी सांगितलं.

मग मी पुन्हा दोरी धरली. तापलेलं इंजिन.

"एक," अण्णा खुर्चीतून म्हणाले.