सहावी पिढी

हैदराबादेत ‘परसों’ हा शब्द फार सैल आहे. गेल्या आठवड्यात झालं तेही परसों आणि निजामाच्या काळात झालं तेही परसोंच. अशा गावात ज्याला तारखा तोंडपाठ असतात तो माणूस हमखास मराठी असतो, बँकेतून निवृत्त झालेला असतो आणि काचीगुडा, बरकतपुरा किंवा बडी चौडी या पट्ट्यातच कुठेतरी राहतो. आमच्या गल्लीतले काका या जातीचे.

विंडोज १० चा सपोर्ट मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे काकांना दोन वर्षं आधीपासून ठाऊक होतं. त्या वर्षीच्या कालनिर्णयात त्या चौकोनाला लाल गोल पडला आणि तिथे दुधाचा हिशेब लिहायला काकूंना मनाई झाली. काकूंची अडचण वेगळीच होती. तीन दिवसांनी वसुबारस. “त्या दिवशी चकलीचा घाणा घालायचा का नाही, तेवढं सांगा,” म्हणाल्या. काकूंचं सगळं जग मोबाइलवर चालतं.

“सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो का हो काका?” मी एकदा विचारलं.

“नाही रे. घर राहतं, वॉचमन जातो.” एवढ्या नेमक्या शब्दांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. यंत्र चालतच राहतं, फक्त सुरक्षेच्या भोकांना ठिगळं लावणारं कुणी उरत नाही. एवढं सांगून थांबतील तर ते काका कसले! पुढे पाऊण तास वॉचमन या विषयावर गेला.

काकांच्या घरात विंडोजच्या तीन पिढ्या नांदतात. सगळ्यांत म्हातारा कॉम्प्युटर एक्सपीचा. त्याच्या पाठीत प्रिंटरच्या भोकात मराठी फाँटचं कुलूप खोचलेलं आहे, आणि मंडळाच्या जुन्या स्मरणिका त्या कुलपाशिवाय उघडत नाहीत. दुसऱ्या यंत्रावर नेल्या की ‘अध्यक्षीय मनोगत’ इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांची खिचडी होऊन समोर येतं. (काही अध्यक्षांच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही.) दुसरा विंडोज ७ चा. तो २०२० च्या भोगीला, १४ जानेवारीला, निराधार झाला. तिसरा हा विंडोज १० चा. तिघांवरही काकूंच्या हातची क्रोशाची झाकणं.

एक्सपीची कथा काका रंगवून सांगतात. तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि २ जूनला तेलंगण वेगळं झालं. “पंचावन्न दिवसांत एक्सपी गेली आणि राज्यही बदललं. स्कूटरवर एपी, मग मुलाच्या गाडीवर टीएस, आता नातवाच्या गाडीवर टीजी. बघ, पाटीसुद्धा अपडेट मागते.”

हे वेड त्यांना वारशानं आलं असावं. आजोबा सेलूहून इथे शिकायला आले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं ते उर्दू माध्यमाचं. आजोबांनी कायदा उर्दूतून घोकला, वकिली जमवली, आणि १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर विद्यापीठच इंग्रजीवर गेलं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. सेलू तिकडे, आजोबा इकडे. राहिला निजामाचा हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा इंग्रजी कलदार, असा भाव होता. तोही १९५९ मध्ये चलनातून गेला. आजोबांनी मात्र एक डबाभर नाणी ठेवून दिली, पुन्हा चालू झाली तर असावीत म्हणून. तो डबा आता काकांकडे आहे आणि त्यात तीन पेनड्राइव्ह आहेत. एकात फोटो, दुसऱ्यात फोटोंची प्रत, तिसऱ्यात कुठल्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे याची यादी.

ऑगस्टमध्ये काका मला घेऊन सिकंदराबादला पार्कलेनवर सीटीसीच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानातल्या पोरानं कॉम्प्युटर उघडलासुद्धा नाही. “चाचा, सिक्स्थ जनरेशन है. इलेवन नै चढता.” अकरासाठी प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी.

“आमच्या घराण्याची हैदराबादेत अजून पाचवीच पिढी आहे,” काका मला मराठीत म्हणाले, “आणि यांना सहावी जुनी वाटते!” मग पोराकडे वळून त्यांनी दोन वर्षांची तयारी सांगायला घेतली. पोरगं ऐकत होतं. शेवटी म्हणालं, “लाइट लेलो चाचा.”

लाइट घेणं काकांच्या रक्तात नाही. परतताना रिक्षात त्यांनी एक अर्ज मनातल्या मनात तयार केला. “मायक्रोसॉफ्टचा नडेला आपल्याच गावचा. बेगमपेटच्या पब्लिक स्कूलचा. गच्चीबावलीत एवढं मोठं ऑफिस आहे त्यांचं. समक्ष नेऊन दिला तर?” तो अर्ज खरोखर टाइप झाला, एक्सपीवर, जुन्या मराठी फाँटात. त्यामुळे तो कुणालाच वाचता येणार नव्हता आणि प्रकरण तिथेच थांबलं.

त्यातच कळलं की, कंपनी घरगुती गिऱ्हाइकांना एक वर्ष वाढवून देतेय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. वाटा तीन: तीस डॉलर भरा, किंवा सेटिंगचा बॅकअप त्यांच्या खात्यावर चढवा, मग फुकट, किंवा कंपनीचे हजार बक्षीसगुण द्या. पहिली वाट महाग. दुसरीवर काकांचा विश्वास बसेना. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस फुकट म्हटलं की कागद उलटा करून पाहतो. राहिली तिसरी. हे गुण कंपनीच्या सर्चवर काही ना काही शोधलं की मिळतात. काकांनी जुनं पासबुक काढलं, कोऱ्या पानांवर जमेचा रकाना आखला आणि रोज सकाळी संध्येनंतर शोधायला बसू लागले.

पहिले काही दिवस बरे गेले. नातेवाइकांची नावं, औषधं, तुरीचे भाव. मग शोधण्यासारखं काही उरेना. एवढं सगळं जग समोर, आणि माणसाला विचारायला प्रश्न नाही! काकू आतून सुचवायच्या, “अनारसे का हसतात ते बघा.” ते बघून झालं होतं.

१२ तारखेच्या रात्री मी गेलो तेव्हा थोडेच गुण कमी होते. काकांनी डोळे मिटले, आणि लहानपणी सुटीत मनमाडच्या गाडीनं गावी जायचे त्या ओळीनं एकेक स्टेशन टाइप करायला लागले. काचीगुडा. कामारेड्डी. निजामाबाद. बासर. धर्माबाद. उमरी. मुदखेड. प्रत्येक स्टेशनाची पासबुकात नोंद. नांदेडला काकूंनी चहा दिला. पूर्णा, परभणी, मानवत रोड.

सेलूला हजार भरले. काका तिथेच उतरले.