फोटोखालची पाटी कशी उतरवावी: नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

अभिनंदन! तुम्ही नवा फोन घेतला. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेतला असेल किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरून, पुढचं सगळ्यांचं सारखंच असतं. काचेवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नसतं आणि पहिला फोटो आजीचा काढला जातो. फोटो छान येतो. फक्त डाव्या कोपऱ्यात, आजीच्या पायाशी, पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत ‘शॉट ऑन’ आणि पुढे फोनचं नाव उमटतं. त्याच्याखाली आणखी बारीक अक्षरांत ‘एआय क्वाड कॅमेरा’.

आजी चष्मा लावून विचारते, “हाई काय लिखेल शे रे खाले?”

तुम्ही म्हणता, कंपनीचं नाव आहे.

“मंग फोटो कोनी काढा? तू का त्यासनी?”

या प्रश्नाला उत्तर नसलेल्या सर्व नातवंडांसाठी हे मार्गदर्शन.

सुरुवातीलाच एक गुपित फोडून टाकतो. रेडमी किंवा पोकोचा फोन असेल तर कॅमेरा उघडा, तीन रेघांवर बोट ठेवा, सेटिंग्जमध्ये जा, वॉटरमार्क शोधा, बटण बंद करा. रिअलमी, ओप्पो, विवो, वनप्लस यांच्यात वळणं थोडी वेगळी, पण बटण कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्येच असतं. चहाला उकळी येईपर्यंतही वेळ लागत नाही. पण या बटणापाशी थेट पोचलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही, आणि तुम्हीही घाई करू नका. रीतसर पायऱ्या चढा.

1. पहिले सहा महिने पाटी दिसतच नाही असं वागा. कानबाईच्या रोटांचे फोटो काढा. लळिंगच्या किल्ल्यावर जा, मेहरूण तलावावर सेल्फी घ्या, हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीत काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे जवळून फोटो घ्या. सगळे नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. सहा महिन्यांत तुमच्या खानदानातल्या प्रत्येक चेहऱ्याखाली, दोन म्हशींखाली आणि भरताच्या टोपल्याखाली कंपनीची सही झालेली असेल. एवढी जाहिरात कंपनीला विकत घ्यायची म्हटली असती तर केवढ्याला पडली असती! तुम्ही ती फुकट केलीत, आणि वर फोनचे हप्तेही तुम्हीच भरताय. वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांचं असंच होतं. दुसऱ्या सहा महिन्यांतही.

2. पाटीचा सामाजिक उपयोग शिका. पाटीत मॉडेलचं नाव असतं आणि मॉडेलवरून किंमत निघते. हे ज्ञान सगळ्यात आधी लग्न जमवणाऱ्यांना झालं. मुलीचा बायोडाटा मोबाइलवर आला की वरपक्षातला एखादा जाणता काका फोटोत मुलीकडे नंतर पाहतो. आधी कोपरा मोठा करून पाहतो. “हा फोन तर तीन वर्षांपूर्वीचा आहे,” तो जाहीर करतो, “म्हणजे फोटोही तीन वर्षांपूर्वीचा.” झालं. मुलीचं वय, वडिलांची ऐपत आणि घरात नवी वस्तू किती दिवसांनी येते, या तिन्हींचा पंचनामा एका ओळीवर उरकतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, मावसभावाचा महागडा फोन एका दुपारपुरता मागून आणा आणि पाटी मुद्दाम चालू ठेवा. दुसरा जरा नाजूक आहे. अॅपलने 2015 मध्ये ‘शॉट ऑन आयफोन’ ही मोहीम काढली, पण ते शब्द छापले होते जाहिरातीच्या फलकांवर. आयफोनचा स्वतःचा कॅमेरा फोटोवर असं काही छापत नाही. म्हणजे सगळ्यात मिरवण्यासारखा फोन गप्प राहतो आणि त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या किमतीचा फोन प्रत्येक फोटोत ओरडून नाव सांगतो. म्हणूनच काही हुशार मंडळी ‘शॉट ऑन आयफोन’ असा शिक्का मारणारं अॅप स्वस्तातल्या फोनवर उतरवून घेतात. त्यांनी शिक्का मारला त्या क्षणीच चोरी पकडली गेली, हे त्यांना सांगू नका. तुम्ही फक्त पाटी बंद करा आणि व्याह्यांना विचार करत बसू द्या.

3. कात्री चालवा. बटण सापडेपर्यंत बहुतेक लोक याच पायरीवर आयुष्य काढतात. पाटी तळाला असते, म्हणून फोटो तळातून कापायचा. उभ्या माणसाचे पाय जातात, पण पाय काय, सगळ्यांचे सारखेच. ग्रुप फोटोत मात्र पुढे मांडी घालून बसलेली पोरं छातीपासून वर उरतात. त्यांच्या आयांशी तुमचं तुम्ही बघून घ्या.

4. कापता येत नसेल तर झाका. गुलाब, हात जोडलेली खूण, उगवता सूर्य, ‘शुभ सकाळ’ची भगवी पट्टी: खान्देशातल्या सकाळी इतक्या शुभ का असतात याचं निम्मं कारण कोपऱ्यातली पाटी आहे. ‘शुभ सकाळ’ लिहायची इच्छा नसते हो, पण तिथे काहीतरी ठेवावं लागतं.

झाकाझाकीची खरी परीक्षा दुःखात होते, आणि हा भाग मन घट्ट करून वाचा. घरातलं वडीलधारं माणूस जातं. उत्तरकार्य आणि गंधमुक्तीचा फ्लेक्स लावायचा असतो. फोटो शोधायला गेलं की स्टुडिओतला एकही नसतो. असतो तो भाच्याच्या लग्नात कुणीतरी काढलेला, अण्णा फेट्यात हसताहेत असा. तो घाईघाईने फ्लेक्सवाल्याच्या मोबाइलवर जातो. फ्लेक्सवाल्याकडे त्याच रात्री तीन वाढदिवस आणि एक उद्घाटन असतं. तो फोटो ताणतो, मागे ढग आणि समई लावतो, खाली ‘शोकाकुल’ लिहून नावांची यादी जोडतो. सकाळी चौकात फ्लेक्स लागतो. अण्णांच्या फोटोखाली वीतभर अक्षरांत ‘शॉट ऑन’ अमुक असतं आणि त्याखाली लगेच ‘शोकाकुल’ सुरू होतं. आल्यागेल्याला वाटतं, सगळ्यात जास्त दुःख कंपनीलाच झालं आहे. थोरल्या मुलाच्याही आधी तिचं नाव. थोरला मुलगा फ्लेक्सवाल्याशी भांडायला जातो, फ्लेक्सवाला म्हणतो, “तुम्हीच दिला तसा लावला भाऊ.” शेवटी पाटीवर झेंडूचा हार चिकटवला जातो. हार अण्णांच्या गळ्यात घालायचा होता.

इथे थोडा दम घ्या. आपल्यावरच ही पाळी आली असं समजू नका. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटरवर आहे. 1819 च्या एप्रिलमध्ये वाघाच्या मागावर आलेला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी तिथल्या दहाव्या लेण्यात शिरला आणि खांबावरच्या रंगवलेल्या बोधिसत्त्वावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. लेण्यात तेव्हा राडारोडा साठलेला होता आणि स्मिथसाहेब त्यावर उभे होते, म्हणून ती अक्षरं आज माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. लेणं त्याने खोदलं नव्हतं, चित्र त्याने रंगवलं नव्हतं, तो नुसता पोचला होता. आपली कंपनी तर आजीच्या ओट्यापर्यंत पोचलीही नव्हती. फरक एवढाच की स्मिथसाहेबांच्या पाटीला बंद करायचं बटण नाही.

उलट टोकाचं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या दगडी घरात केकी मूस राहायचे. 1989 मध्ये ते गेले. कित्येक दशकं ते घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांच्यावर हवा तसा उजेड पाडून अख्खी दृश्यं उभी करायचे आणि त्यांचे फोटो घ्यायचे. ते पाहून आल्यावर लोक मूसांचं नाव घेतात. कॅमेरा कोणता होता, हे मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुमच्या फोटोचं मात्र उलट होतं. ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया येते ती “कोणता फोन भो?”

5. भाच्याकडे जा. भाचा नववीत असतो. तो तुमच्याकडे न बघता फोन घेतो, अंगठ्याने चार वेळा टिचकी मारतो आणि परत देतो. पाटी गेली. त्याचे आभार माना, पण फोन लगेच तपासा. त्या बटणाच्या शेजारीच स्वतःचा मजकूर लिहायची सोय असते आणि भाच्याला ती दिसलेली असते. यापुढे तुमच्या प्रत्येक फोटोखाली ‘दादांचा नाद नाय’ असं येणार. एका गावात तर म्हशीच्या फोटोखाली ‘भावी सरपंच’ आलं आणि विरोधी पॅनलने तो फोटो जपून ठेवला, असं ऐकण्यात आहे. खरं-खोटं म्हशीला माहीत.

6. आता पाटी परत चालू करायची तयारी ठेवा. हो, बरोबर वाचलंत. स्वच्छ कोपऱ्याचे फोटो काढून तुम्ही आठवडाभर सुखात असता आणि मग सरकारी काम निघतं. रावेर-यावलकडे वादळी वाऱ्याने केळीची बाग आडवी होते. तुम्ही धावत जाऊन फोटो काढता, सुंदर, स्वच्छ, बिनपाटीचा. समोरचा साहेब तो पाहून विचारतो, “हा कुठला? कधीचा?” तुमच्या तोंडाकडे पाहून त्याला पटत नाही, पडलेल्या झाडांकडे पाहूनही पटत नाही. त्याला कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि नकाशाचा तुकडा हवा असतो. मग तुम्ही जीपीएसचा शिक्का मारणारं अॅप उतरवता. त्याचा चौकोन इतका मोठा असतो की फोटोत मावते ती निम्मी बाग आणि पूर्ण पत्ता.

सवय करून घ्या. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. स्वतःच्याच शेतात उभं राहून आपण आपल्याच कपाशीत आहोत हे अॅपला फोटोने पटवायचं असतं. कपाशी तुम्हाला ओळखते, पण रेंज ओळखत नाही. घरकुलाचा पुढचा हप्ता हवा तर पाया, भिंती, छत, प्रत्येक टप्प्याचा जागेची खूण असलेला फोटो. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर 2023 च्या सुरुवातीपासून मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो सक्तीचे झाले. त्यातून काय निघालं? 2025 च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावं लागलं की भलतेच फोटो चढवले जात आहेत, आणि कुठे कुठे तर फोटोचाच फोटो. जागा खरी, वेळ खरी, शिक्का खरा. माणसं तेवढी कागदावरची.

तेव्हा दोन पाट्यांतला फरक पक्का करा. कंपनीची पाटी तुम्हाला नको असते आणि ती फुकट मिळते. सरकारी कामाची पाटी तुम्हाला हवी असते आणि ती मिळवायला रेंज शोधत बांधावर फिरावं लागतं. तारखेच्या शिक्क्यावर साहेबांचा फार विश्वास असतो. साधा शिक्का फोनच्या घड्याळावरून उमटतो आणि फोनचं घड्याळ तुमच्याच खिशात असतं, ही माहिती तुम्हाला माझ्याकडून मिळालेली नाही.

7. पाटी गेली म्हणून निर्धास्त होऊ नका. फोटोच्या पोटात त्याचा एक सातबारा असतोच: फोनचं मॉडेल, तारीख, वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर हा सातबारा गळून पडतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. “नाशिकला साहेबांच्या मीटिंगमध्ये आहे” म्हणून घरी फोटो पाठवणाऱ्यांनी हा मुद्दा पुन्हा एकदा वाचावा.

8. जुन्या फोटोंचं काय? बटण बंद केल्याने आधीच्या फोटोंवरची पाटी जात नाही. काही रेडमी फोनच्या गॅलरीत, त्याच फोनवर काढलेल्या फोटोची पाटी नंतर काढायची सोय असते. ती आधी शोधा. नसेल तर एआयवर सोपवा. पाटीवर बोट फिरवा, तो ती पुसतो आणि खाली काय असावं याचा अंदाज बांधून भरतो. ओटा असेल तिथे ओटाच येतो. पायाच्या जागी पाय येतो, पण बोटं मोजू नका. आबांच्या चपलेतून सहावं बोट डोकावलं तर त्यांना लगेच दाखवू नका. ते पत्रिका काढतील.

आणि एक शेवटचं. सॅमसंगने 2024 मध्ये गॅलेक्सी एस24 आणला, त्यात एआयकडून फोटो नव्याने भरून घ्यायची सोय दिली. तशी दुरुस्ती केलेल्या फोटोवर, हे एआयचं काम आहे हे कळावं म्हणून, फोन खालच्या डाव्या कोपऱ्यात आपली एक बारीक खूण उमटवतो. ती नको असेल तर कात्री तिसऱ्या पायरीवर ठेवलेली आहे. कापताना आबांचे पाय तेवढे सांभाळा.