बेस वाढवा, बाकी देव बघून घेईल

माण तालुक्यात कशाचीही टंचाई पडेल, स्पीकरच्या बेसची नाही. उरमोडी, जिहे-कठापूर योजनांचं पाणी इथं पोचेपर्यंत कित्येक निवडणुका होऊन गेल्या. दहिवडीच्या चौकात लावलेला बेस मात्र 3 सेकंदांत किलोमीटरभर जातो. पंप नको, कालवा नको, भूमिपूजन नको. टेलच्या वस्तीवरही पत्रा वाजतोच.

नियोजनही पक्कं असतं. शेजारच्या मंडळाचे बेसचे खोके 12, म्हणून आपले 16. ट्रॉलीत मावेनात, तर ट्रॉली रुंद करा. खोक्यांची भिंत उंच होऊन विजेच्या तारांना टेकायला लागली, तर तारा उचलायला बांबू घेतलेलं एक पोरगं वर चढवा. झाला आराखडा.

एखादा शिकलेला ऑपरेटर भीत भीत तोंड उघडतो. "अध्यक्ष, 50 हर्ट्झची लाट जवळपास 7 मीटर लांब असती. बेस दोन्ही कडंला लांब लांब ठिवलं, तर मधी दणका बसतो अन् बाजूला लाटा एकमेकींना खात्यात. एकाजागी ठेवू. दुसरं, बेसला तोंड-पाठ कळत न्हाई, त्यो मागंबी तेवढाच जातो. तिनातला एक खोका उलटा फिरवून, फेज बदलून, जरा उशिरानं वाजवला, तर मागचा आवाज मरतो. मागं दवाखाना हाय."

अध्यक्ष थक्क. "भाडं भरून आणलेला बेस आपणच मारायचा? अन् मागच्या आळीनंबी वर्गणी दिलीया. त्यांनी काय पाप केलंय?"

कायदाही समंजस आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण मोजायचं ते 'ए' पट्टीवर. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून मीटरही 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलनं कमी धरतो. कानाची सोय झाली. छाती, खिडकी आणि जुनी भिंत यांच्यासाठी पट्टी नाही. 2014 मध्ये साताऱ्यात विसर्जन मिरवणुकीवेळी भिंत कोसळून माणसं दगावली आणि बोट डॉल्बीकडे, म्हणजे याच दणक्याकडे गेलं. त्यातून आम्ही योग्य तो धडा घेतला: आता मिरवणुकीत जुन्या भिंतींकडे संशयानं बघतो.

तसा दणका माणदेशाला नवा नाही. गजी नाचात धनगरांचा ढोल घुमतोच. पण वाजवणाऱ्याचा हात दुखतो, तो थांबतो, पाणी पितो. त्या ढोलाचा आवाज आवरणारा लिमिटर म्हणजे हाडामांसाचा हात. जनरेटरचा हात दुखत नाही. त्याला फक्त डिझेल लागतं आणि तेही वर्गणीतून येतं.

म्हणून येत्या यात्रेसाठी एकच ठराव सुचवतो. बेस 16 च राहू द्या, हवं तर 20 करा. फक्त ट्रॉली अध्यक्षांच्या घरापुढं उभी करायची, पाठ त्यांच्या खिडकीला लावून. खोका उलटा फिरवायचा की नाही, हे रात्रीचे दहा वाजायच्या आत बिनविरोध ठरेल.