अंदमानची शेवटची रात्र

सुट्ट्या जवळ आल्या की अंदमान सहलींचे कागद संभाजीनगरात हातोहात फिरू लागतात. त्यातली हॉटेलांची रंगीत चित्रं बाजूला ठेवा आणि आधी एकच ओळ शोधा: शेवटच्या रात्रीचा मुक्काम कुठे आहे? तिथे हॅवलॉक लिहिलेलं असेल आणि पुढे ‘सकाळी बोटीने पोर्ट ब्लेअर, दुपारी परतीचं विमान’ असं असेल, तर आगाऊ पैसे भरू नका. अशी सहल आखणाऱ्याने नकाशा पाहिलाय, समुद्र पाहिलेला नाही.

हॅवलॉक, म्हणजे 2018 पासूनचं स्वराज द्वीप, ते पोर्ट ब्लेअर हे अंतर जलद बोटीने दीड-दोन तासांचं. समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि त्या कधी सुरू होतील ते कोणी सांगू शकत नाही. डिसेंबर 2016 मध्ये हेच झालं. वादळी हवामानामुळे हजाराहून जास्त पर्यटक त्या भागातल्या बेटांवर अडकून पडले आणि शेवटी नौदलाला जहाजं पाठवावी लागली. दिवाळी ते नाताळ हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ आहे, आणि आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या त्यातच येतात. सुट्ट्या बदलणं आपल्या हातात नाही, पण शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढणं आहे. एका मुक्कामाची अदलाबदल करायची, एवढंच. एजंट ‘बुकिंग झालंय’ म्हणाला तर दुसरा एजंट बघा.

आता सुरुवातीचं टोक. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून अंदमानला थेट विमान नाही. मुंबई, हैदराबाद असं कुठलं तरी मोठं विमानतळ गाठून पुढे जायचं. लहान विमानतळाचं खरं दुखणं इथे कळतं. मुंबईत एक विमान चुकलं तर त्याच गावाला जाणारं दुसरं काही तासांत मिळू शकतं. चिकलठाण्याला ती सोय नाही. म्हणून पूर्ण प्रवासाचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडून हजार-दोन हजार वाचतात खरे, पण पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी तुमची वाट पाहत नाही आणि पैसेही देत नाही. चार जणांच्या घराला तो झटका चांगलाच बसतो.

आणि ‘विमानतळ काय, जालना रोडवरच तर आहे’ हे वाक्य प्रवासाच्या दिवशी घरात कोणाला बोलू देऊ नका. सामान जमा करण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. इमारत लहान असली तरी हा नियम लहान होत नाही. काउंटरवर बॅगेला चिकटवलेला टॅग तिथेच उभं राहून वाचा. चिकलठाण्याचा कोड आयएक्सयू, पोर्ट ब्लेअरचा आयएक्सझेड. टॅगवर आयएक्सझेड असेल तर बॅग थेट बेटावर उतरेल. मधल्याच विमानतळाचा कोड दिसला तर तिथे ती पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करावी लागेल. कर्मचाऱ्याला विचारायला लाजू नका. पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच ठेवा आणि लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत.

पोर्ट ब्लेअरचं (2024 पासून शहराचं नाव श्री विजयपुरम) विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचं. जुलै 2023 मध्ये तिथे नवी, शिंपल्याच्या आकाराची टर्मिनल इमारत उघडली. इमारत प्रशस्त झाली, पण धावपट्टी एकच आहे आणि ती नौदलाच्या ताब्यात. तिथे उगाच फोटो काढत फिरू नका. हवा बिघडून उतरणं जमलं नाही, तर वैमानिक बऱ्याचदा विमान चेन्नईला किंवा कोलकात्याला परत नेतो. दोन्ही शहरं तिथून बाराशे किलोमीटरहून लांब. म्हणजे तुमचं परतीचं विमान त्या दिवशी बेटावर पोचलेलंच नसतं. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान यातलं काय घ्यायचं ते प्रवाशाने ठरवायचं असतं. काउंटरवर हे ठामपणे सांगा. घरी परतल्यावर एक दिवस मोकळा ठेवा. दुसऱ्याच दिवशी लग्न, परीक्षा किंवा ऑफिसची बैठक लावून जाऊ नका.

यापेक्षा गंभीर गोष्ट स्कूबाची. पाण्याखाली दाबाची हवा श्वासातून घेतली की रक्तात आणि स्नायूंत जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तितका खाली येऊ शकतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ हवा. शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे तिथे बुडबुडे होतात. सांधे ठणकण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. एका डाइव्हनंतर निदान 12 तास आणि एकाहून जास्त डाइव्ह केल्या तर निदान 18 तास विमानात बसायचं नाही. पूर्ण दिवस गेला तर उत्तम. शेवटच्या सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान असा कार्यक्रम विकणारा माणूस तुमच्या मुलांच्या जिवाशी खेळतो. त्याला तोंडावर तसं सांगा.

आणखी एक. किनाऱ्यावरचे शंख आणि प्रवाळाचे तुकडे खिशात टाकू नका. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तुकडा मेलेला असला तरी. विमानतळावर सामानाच्या तपासणीत तो सापडतोच, आणि मग लेकरांसमोर उत्तरं देत बसावं लागतं. शंखांच्या वस्तू हव्याच असतील तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती बॅगेत वर ठेवा.

दिवसाचा हिशेबही बदला. तिथलं घड्याळ आपलंच, पण डिसेंबरात सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. बाहेरचं बघणं दुपारीच उरकावं लागतं.

मराठवाड्यातून सेल्युलर जेल बघायला जाणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले खूप असतात. सावरकर 1911 ते 1921 जिथे होते ती कोठडी डोळ्यांनी बघायची म्हणून कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात. या लोकांना मधल्या मोठ्या विमानतळावर एका गेटापासून दुसऱ्या गेटापर्यंत धावायला लावू नका. दोन विमानांत निदान तीन तास ठेवा. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा, फार तर 48 तास आधीपर्यंत, आणि ती जाताना-येतानाच्या प्रत्येक विमानासाठी वेगळी झाली आहे ना, ते कंपनीला फोन करून तपासा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका. त्या आईच्या हातातल्या पिशवीत असू द्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.